नायगाऱ्याची दरी दोरीवरून चालत ओलांडणारा ब्लोंडिन, आणि चालताना आपले हात का हलतात याचं उत्तर

एक छोटंसं काम करा. उभे राहा आणि दोन्ही हात मांड्यांना चिकटवून दहा-बारा पावलं चाला. जमेल, पण अंग आखडल्यासारखं वाटेल. आता उजवा पाय पुढे टाकताना उजवाच हात पुढे न्या आणि डाव्या पायाबरोबर डावा. चार पावलांतच आपण चालणं विसरलोय की काय असं वाटायला लागेल.

चालायचं काम पायांचं आहे. मग हात मध्ये का येतात? आणि ते बरोबर उलट्या पायासोबतच का हलतात?

याचं उत्तर शोधायचं तर एका माणसाची गोष्ट सांगावी लागते. हा माणूस आयुष्यभर एकच काम करत राहिला, ते म्हणजे जिथे चालताच येणार नाही अशा ठिकाणी चालणं. पावणेदोनशे वर्षं होत आली तरी दोरीवरचा तोल म्हटलं की जगभरात पहिलं नाव त्याचंच घेतात. त्याचं नाव ब्लोंडिन.

खुर्च्यांना बांधलेल्या दोरीपासून सुरुवात

ब्लोंडिन हे त्याचं रंगमंचावरचं नाव. खरं नाव ज्याँ फ्रान्स्वा ग्राव्हले. जन्म २८ फेब्रुवारी १८२४ चा, फ्रान्सच्या उत्तरेकडच्या एदँ नावाच्या गावातला.

असं सांगतात की, तो चारेक वर्षांचा असताना गावात कसरतीवाल्यांचा ताफा आला होता. खेळ बघून पोरगं घरी आलं, दोन खुर्च्यांना दोरी बांधली आणि तिच्यावर चढायला लागलं. आपल्याकडे एखाद्या पोराने असं केलं असतं तर आधी पाठीत धपाटा बसला असता. याच्या घरच्यांनी मात्र पाचव्या वर्षी त्याला लिऑन शहरातल्या व्यायामशाळेत घातलं. तिथे सहा महिने शिकल्यावर पोरगं थेट लोकांसमोर खेळ करायला उभं राहिलं.

म्हणजे ज्या वयात आपण बालवाडीत गाणी म्हणत असतो त्या वयात हा तिकीट लावलेल्या खेळात काम करत होता. पुढची वीस-पंचवीस वर्षं युरोपात दोरीवर चालणं, उड्या मारणं, कोलांट्या मारणं यातच गेली. १८५० च्या दशकात राव्हेल नावाच्या प्रसिद्ध कसरत मंडळीबरोबर तो अमेरिकेत गेला आणि तिथे त्याने नायगारा बघितला.

दोरी बांधणं हाच मोठा प्रकल्प

नायगारा नदी अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधून वाहते. धबधब्याखाली ती एका खोल दरीतून पुढे जाते. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि खाली उसळणारं पाणी.

ब्लोंडिनला दोरी धबधब्याच्या अगदी जवळ बांधायची होती. तिथे गोट आयलंड नावाचं बेट आहे, त्याला एक टोक बांधायचा त्याचा विचार होता. पण जमीनमालकांनी परवानगी नाकारली. मग त्याने धबधब्याच्या खालच्या बाजूची, दरीवरची जागा निवडली. म्हणजे ब्लोंडिन धबधब्याच्या धारेवरून चालला असं जे अनेक पोस्टमध्ये लिहिलेलं असतं ते बरोबर नाही. तो धबधब्यापुढची दरी ओलांडत होता. अर्थात खाली पडल्यावर या फरकाचा काही उपयोग नव्हता.

दोरखंड होता सुमारे १,१०० फूट लांब, म्हणजे ३४० मीटरच्या आसपास. जाडी साधारण सव्वातीन इंच. पाण्यापासून उंची सुमारे १६० फूट, म्हणजे अंदाजे पंधरा मजली इमारतीएवढी.

एवढा जड दोरखंड एकदम पलीकडे नेणं शक्य नव्हतं. म्हणून आधी एक बारीक दोरी होडीतून पलीकडे नेली, तिला मोठी दोरी बांधून ओढली आणि असं करत करत मुख्य दोरखंड ताणला. पण कितीही ताणला तरी एवढ्या लांबीचा दोरखंड स्वतःच्याच वजनाने मध्ये खाली येतो. त्यामुळे ब्लोंडिनला अर्धा रस्ता उतार उतरायचा होता आणि अर्धा चढ चढायचा होता.

दुसरी अडचण होती हेलकाव्यांची. त्यासाठी मुख्य दोरखंडाला ठरावीक अंतरावर आडव्या ताणाच्या दोऱ्या बांधून त्या दोन्ही काठांवर रोवल्या होत्या. आपण मांडवाच्या खांबाला चारही बाजूंनी दोऱ्या ताणतो, तसंच. पण दरीच्या मधोमध या दोऱ्या पोचवता येत नव्हत्या. तिथला तुकडा मोकळाच राहिला. म्हणजे जिथे दोरखंड सगळ्यात जास्त खाली झुकलेला, तिथेच तो सगळ्यात जास्त हलणारा.

३० जून १८५९

त्या दिवशी दोन्ही काठांवर मिळून हजारो लोक जमले होते. काही हिशोबांनुसार हा आकडा २५ हजारांच्या घरात होता. लोक पैजा लावत होते, आणि पैज तो पलीकडे पोचेल की नाही यावर होती.

खाली जाळं नव्हतं. कमरेला दोर नव्हता. हातात होती फक्त एक लांबलचक लाकडी काठी. ती पंचवीस फुटांहून जास्त लांब होती आणि वजनाला वीस किलोच्या आसपास.

ब्लोंडिन निघाला. मध्ये पोचल्यावर लोकांच्या काळजाचा ठोका चुकला, कारण हा गडी चक्क दोरीवर खाली बसला. खालून मेड ऑफ द मिस्ट नावाची प्रवासी बोट चालली होती. त्याने वरून दोरी सोडली, बोटीतून एक बाटली वर ओढून घेतली, दोन घोट प्यायला आणि उठून पुन्हा चालायला लागला. खोलगट भाग संपल्यावर तर तो पळत पलीकडे गेला.

थोडी विश्रांती घेऊन तो त्याच दोरीवरून परत निघाला. या वेळी पाठीवर त्या काळचा अवजड कॅमेरा होता. काही अंतर चालून त्याने काठी दोरखंडाला बांधली, कॅमेरा पुढ्यात लावला आणि काठावरच्या गर्दीचाच फोटो काढला. आजच्या भाषेत सांगायचं तर गर्दी त्याचा व्हिडिओ काढायच्या आधी त्यानेच गर्दीचा फोटो काढला.

काठी नेमकं काय करत होती?

आता आपण मूळ मुद्द्याकडे येऊ. अनेकांना वाटतं की काठीच्या दोन्ही टोकांचं वजन सारखं असतं, म्हणून तोल राहतो. तराजूसारखं. पण खरं कारण वेगळं आहे.

एक पेन्सिल बोटावर उभी धरून बघा. लगेच पडते. आता एक लांब काठी किंवा झाडू तळहातावर उभा धरा. तो थोडा वेळ तरी सांभाळता येतो. लांब वस्तू सावकाश कलते, त्यामुळे आपल्याला हात सरकवून सावरायला वेळ मिळतो.

एखादी वस्तू फिरवायला किती जड जाईल, हे फक्त तिच्या वजनावर ठरत नाही. ते वजन मध्यापासून किती लांब आहे यावरही ठरतं. आणि इथे अंतराचा वर्ग होतो. म्हणजे तेवढंच वजन दुप्पट अंतरावर नेलं तर फिरवणं चौपट जड जातं. भौतिकशास्त्रात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, दुप्पट-चौपट लक्षात ठेवा.

थोडं गणित करू. वीस किलोची, आठ मीटर लांबीची एकसारखी काठी धरली तर तिचं जडत्व आघूर्ण येतं सुमारे १०७ एकक. साधारण ६५ किलोचा माणूस घोट्यापासून डावी-उजवीकडे कलतो तेव्हा त्याचं येतं सत्तरच्या आसपास. म्हणजे माणसाच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी वजनाची काठी त्याचं कलणं त्याच्या स्वतःच्या शरीरापेक्षा जास्त अडवते. काठी घेतलेला माणूस कलतोच, पण फार सावकाश कलतो. आणि दोरीवर अर्ध्या सेकंदाचा जास्तीचा वेळ हेच सगळं काही असतं.

काठीचं दुसरं काम त्याहून भारी आहे. समजा ब्लोंडिन डावीकडे कलायला लागला. अशा वेळी तो काठीचं डावं टोक खाली दाबायचा. तुम्ही म्हणाल, हे उलटं झालं, कलतोय तिकडेच काठी कशाला? तर तुम्ही एखादी गोष्ट एका दिशेने फिरवली की ती तुम्हाला उलट्या दिशेने फिरवते. काठी डावीकडे फिरली की शरीर उजवीकडे ढकललं जातं, म्हणजे सरळ होतं.

तिसरं काम थोडं छोटं आहे. एवढी लांब काठी आपल्याच वजनाने टोकांना खाली वाकते. त्यामुळे माणूस आणि काठी यांचा मिळून गुरुत्वमध्य जरा खाली येतो. गुरुत्वमध्य जितका खाली तितका तोल सांभाळायला सोपा.

आपल्या गावात डोंबाऱ्याचा खेळ ज्यांनी बघितलाय त्यांना हे लगेच कळेल. ढोलकीच्या तालावर दोरीवर चालणाऱ्या त्या मुलीच्या हातातही आडवी काठी असते. या खेळाला नायगाऱ्याची गर्दी कधी मिळाली नाही, पण काठीमागचं विज्ञान तंतोतंत तेच आहे.

आणि काठी नसेल तेव्हा?

तेव्हा हात असतात. शेताच्या बांधावरून, रस्त्याच्या कठड्यावरून किंवा ओढ्यातल्या दगडांवरून चालताना आपण हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरतो. हे कुणी शिकवत नाही. नुकतं चालायला लागलेलं मूलही हात वर, बाजूला धरूनच चालतं. हात पसरले की वजन मध्यापासून लांब जातं आणि कलणं सावकाश होतं. तोल गेलाच तर आपण हात गोल गोल फिरवतो. बाहेरून ते घाबरल्यासारखं दिसतं, पण काम तेच चालू असतं जे ब्लोंडिन काठीने करायचा.

पण सपाट रस्त्यावर आपण हात बाजूला पसरत नाही. तिथे ते पुढे-मागे हलतात. कारण तिथे प्रश्न वेगळा असतो.

उजवा पाय पुढे टाकला की कमरेचा उजवा भाग पुढे येतो, म्हणजे शरीर उभ्या अक्षाभोवती पिळलं जातं. पुढच्या पावलाला ते उलट दिशेने पिळलं जातं. हा पीळ तसाच राहू दिला तर आपण प्रत्येक पावलाला डावीकडे-उजवीकडे वळत, डोलत चालू. म्हणून उजव्या पायासोबत डावा हात पुढे जातो. पायांनी दिलेला पीळ हात खोडून काढतात. डोकं आणि छाती समोर राहते.

१९३९ साली हर्बर्ट एल्फ्टमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने हे मोजून दाखवलं होतं. पुढे २००९ साली कॉलिन्स, अ‍ॅडमचिक आणि कुओ या संशोधकांनी लोकांना वेगवेगळ्या पद्धतीने चालायला लावलं. नेहमीसारखे हात हलवायला खांद्यांना फारच थोडा जोर लागतो, असं त्यात दिसलं. हात मुद्दाम स्थिर धरून चालल्यावर मात्र शरीराची ऊर्जा १२ टक्क्यांनी जास्त खर्च झाली. आणि पायाचा जमिनीवर पडणारा पिळाचा जोर ६३ टक्क्यांनी वाढला. जो पीळ हात खोडत होते तो आता पायाला जमिनीवर दाबून अडवावा लागत होता. सुरुवातीला तुम्ही केलेला उजवा हात-उजवा पाय हा प्रकारही त्यांनी करून बघितला. त्यात ऊर्जा २६ टक्क्यांनी जास्त लागली.

मग हात न हलवता चाललं की माणूस पडतो का? नाही. सपाट रस्त्यावर हात बांधून चाललात तरी काही होत नाही. फरक पडतो तो ठेच लागल्यावर, कुणाचा धक्का बसल्यावर, पाय घसरल्यावर. त्या क्षणी हात झटकन बाहेर जातात, शरीराचं फिरणं बदलतात आणि पुढचं पाऊल योग्य जागी टाकायला वेळ मिळवून देतात. म्हणजे नेहमीच्या चालण्यात हात खर्च वाचवतात आणि संकटात माणूस वाचवतात.

पाठीवर माणूस

परत नायगाऱ्यावर येऊ. पहिल्या फेरीनंतर ब्लोंडिनसमोर धंद्याचा प्रश्न उभा राहिला. तेच तेच बघायला लोक किती वेळा येणार? त्यामुळे दर फेरीला काहीतरी नवीन सुरू झालं. डोळ्यांवर पट्टी बांधून. अंगाभोवती गोणपाट घालून. एकचाकी ढकलगाडी ढकलत. उंच लाकडी पायांवर उभं राहून. एकदा तर त्याने शेगडी पाठीवर बांधून नेली, दोरीच्या मध्यावर बसून ऑम्लेट केलं आणि ते खालच्या बोटीतल्या लोकांना दोरीने सोडलं.

डोळ्यांवर पट्टी असताना तोल कसा राहिला, हा प्रश्न पडतोच. शरीराला तोलाची खबर तीन ठिकाणांहून मिळते. डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग, आणि स्नायू-सांधे-तळपाय. डोळे बंद केल्यावर उरलेल्या दोघांवर भार येतो. पाच वर्षांच्या वयापासून दोरीवर असलेल्या माणसाचे तळपाय ही खबर किती बारकाईने वाचत असतील याचा विचार करा.

पण सगळ्यात अवघड फेरी होती ऑगस्ट १८५९ मधली. त्या दिवशी त्याच्या पाठीवर त्याचा मॅनेजर हॅरी कोलकॉर्ड होता.

ब्लोंडिनने कोलकॉर्डला आधीच बजावलं होतं की, पाठीवर असताना स्वतःचा तोल सांभाळायचा प्रयत्न अजिबात करायचा नाही. तो डोलेल तसं डोलायचं, त्याच्याच शरीराचा भाग व्हायचं. यामागेही तेच विज्ञान आहे. दोन माणसं एकाच दोरीवर वेगवेगळं सावरायला लागली तर एकाचं सावरणं दुसऱ्यासाठी धक्का ठरतं. दुचाकीवर वळणावर मागे बसलेला माणूस उलट्या बाजूला झुकला की चालवणाऱ्याची काय अवस्था होते, ते आठवा.

कोलकॉर्डला मध्ये मध्ये पाठीवरून उतरून दोरीवर उभं राहावं लागलं, म्हणजे ब्लोंडिनला दम घेता येईल. त्याने नंतर सांगितलेल्या आठवणींनुसार, वाटेत ताणाची एक दोरी तुटली, मुख्य दोरखंडाला जोराचा हिसका बसला आणि ब्लोंडिन त्याला घेऊन पुढच्या बांधणीपर्यंत पळत सुटला. दोघंही पलीकडे पोचले. कोलकॉर्डला तो अनुभव आयुष्यभर पुरला.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १८६० मध्ये इंग्लंडचे युवराज नायगाऱ्याला आले होते. तेच पुढे राजे सातवे एडवर्ड झाले. त्यांच्यासमोर ब्लोंडिनने खेळ केला आणि त्यांनाही पलीकडे न्यायची तयारी दाखवली. युवराजांनी नम्रपणे नकार दिला. त्याच मोसमात फारिनी नावाचा एक प्रतिस्पर्धी दुसऱ्या दोरीवर कपडे धुण्याचं यंत्र पाठीवर घेऊन उतरला होता. स्पर्धा कुठल्या थराला गेली होती बघा.

ब्लोंडिनचं नाव एवढं झालं की अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांना व्यंगचित्रकार ब्लोंडिनच्या रूपात, दोरीवर देशाचं ओझं घेऊन चालताना दाखवत होते. तारेवरची कसरत हा वाक्प्रचार आपण राजकारण्यांसाठी वापरतो, तिकडे त्यासाठी ब्लोंडिनचं नाव पुरायचं.

प्रसिद्धीची किंमत कुणी मोजली?

१८६१ साली ब्लोंडिन लंडनला आला. क्रिस्टल पॅलेस या भव्य काचेच्या इमारतीत जमिनीपासून ७० फूट उंचीवर दोरी बांधली होती. उंच लाकडी पाय लावून तिच्यावर तो कोलांट्या मारत होता.

इथे त्याने आणखी एक गोष्ट केली. स्वतःच्या पाच वर्षांच्या मुलीला ढकलगाडीत बसवून दोरीवरून नेलं. मुलगी वरून फुलांच्या पाकळ्या उधळत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण सरकारच्या अंगावर काटा आला. इंग्लंडच्या गृहमंत्र्यांनी मुलीला पुन्हा दोरीवर न्यायला मनाई केली. मोठ्या माणसाने स्वतःचा जीव पणाला लावणं आणि मुलाचा जीव पणाला लावणं यात फरक आहे, हे तेव्हाच्या सरकारला सांगावं लागलं.

त्याच सुमारास डब्लिनमधल्या एका खेळात दोरखंड तुटला आणि त्याला आधार देणारा मचाण कोसळला. ब्लोंडिन वाचला. मचाणावर काम करणारे दोन मजूर मात्र ठार झाले. त्याच्या गोष्टी सांगताना हे दोघं बहुतेक वेळा गाळले जातात.

ब्लोंडिनचं यश बघून अनेकजण दोरीवर चढले. पोस्टरवर त्याचंच नाव वापरायची पद्धत पडली. सेलिना पॉवेल ही त्यातलीच एक. जाहिरातीत तिला फीमेल ब्लोंडिन म्हणूनच उभं केलं होतं. २० जुलै १८६३ रोजी बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन पार्कमध्ये तिची दोरी तुटली आणि ती हजारो लोकांसमोर खाली पडून मेली. ती तेव्हा गरोदर होती. बातमी ऐकून राणी व्हिक्टोरियाने शहराच्या महापौरांना पत्र पाठवून तीव्र नाराजी कळवली.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. डब्लिन असो की बर्मिंगहॅम, दोन्ही ठिकाणी आधी तुटली ती दोरी. कलाकाराचा तोल कितीही पक्का असला तरी दोरी, खांब आणि बांधणी धड नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. नायगाऱ्यावर दोरी बांधायला एवढी मेहनत का घेतली होती, ते इथे कळतं.

नायगाऱ्याची दोरीवरून दरी ओलांडणारी पहिली स्त्री ठरली मारिया स्पेल्तेरिनी. साल होतं १८७६. तिनेही एका फेरीत पायांना फळांच्या टोपल्या बांधून आपलं वेगळेपण दाखवलं.

शेवटपर्यंत दोरीवर

जो माणूस रोज मरणाच्या दारात उभा राहतो तो तरुणपणीच जाणार, असं सगळ्यांना वाटत होतं. ब्लोंडिनने हा अंदाज खोटा ठरवला. साठी उलटली, सत्तरी उलटली, तरी तो खेळ करत होता. त्याचा शेवटचा खेळ १८९६ साली बेलफास्टमध्ये झाला. तेव्हा तो ७२ वर्षांचा होता.

हे वय महत्त्वाचं आहे. वय वाढलं की तोल सांभाळणारी यंत्रणा मंदावते. नजर, कानातला तोल, पायातली ताकद, सगळंच कमी होतं. पण रोजच्या सरावाने त्यातलं बरंच काही टिकवता येतं. ब्लोंडिनने सराव कधी सोडलाच नाही.

२२ फेब्रुवारी १८९७ रोजी लंडनजवळच्या ईलिंगमध्ये त्याचा मृत्यू झाला. दोरीवरून पडून नाही, तर मधुमेहाच्या आजाराने, स्वतःच्या घरात, अंथरुणात. ७३ व्या वाढदिवसाला सहा दिवस बाकी होते. त्या घराचं नाव होतं नायगारा हाऊस. लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत त्याला पुरलं. ईलिंगमध्ये आजही ब्लोंडिन आणि नायगारा या नावांचे रस्ते आहेत. वेल्समधल्या दगडखाणींत माल वाहून नेणाऱ्या हवाई दोरमार्गालाही ब्लोंडिन असंच नाव पडलं होतं.

पुढे १५ जून २०१२ रोजी निक वॉलेंडा हा कलाकार थेट धबधब्यावरून चालत गेला. खाली पोलादी तार होती आणि थेट प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीच्या आग्रहामुळे कमरेला सुरक्षा दोर होता. पण हातात तीच जुनी गोष्ट होती, लांब आणि जड काठी. दीडशे वर्षांत तिला पर्याय सापडला नाही.

आपण यातून काय घ्यायचं?

आपल्याला नायगारा ओलांडायचा नाही. पण पावसाळ्यात शेवाळलेली पायरी, लोकलच्या पुलावरचा ओला जिना, गावाकडचा चिखलाचा बांध हे सगळं आपल्या वाट्याला येतंच.

अशा वेळी हात खिशात घालू नका. दोन्ही हातांत जड पिशव्या आणि त्यातच कानाशी मोबाईल, असं जिना उतरू नका. हात अडकलेले असले की घसरल्यावर सावरायला जो क्षण मिळतो तो जातो. ओझं असेल तर पाठीवरची पिशवी बरी, हात मोकळे राहतात. जिन्याला कठडा असेल तर एक हात त्यावर ठेवा.

घरातल्या वयस्कर माणसांचं चालणं अधूनमधून बघत जा. चालताना एकच हात हलतोय आणि दुसरा शरीराला चिकटून राहतोय, असं नव्यानेच दिसायला लागलं तर ते वय झालं म्हणून सोडून देऊ नका. पार्किन्सन्सच्या आजारात सुरुवातीच्या काळात असं दिसू शकतं. खांदा दुखण्यासारखी साधी कारणंही असतात. नेमकं काय आहे हे डॉक्टरच सांगतील, पण दाखवायला उशीर करू नका.

आणि तोल हा सरावाने सुधारतो. दात घासताना बेसिनला एक हात लावून, आधी एका आणि मग दुसऱ्या पायावर थोडा थोडा वेळ उभं राहायचा सराव करता येतो. ज्यांना चक्कर येते किंवा जे आधी पडलेले आहेत त्यांनी हे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारूनच करावं.